गर्भ कशाच्या आधारें टिकतो?

प्रोजेस्टेरॉनला अडविणारीं औषधें व जनावरांवरील प्रयोगांचा बोध

गाय फळविली, म्हणजे शेतकरी बोटांवर दिवस मोजूं लागतो. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पुन्हां माजावर आली नाहीं, कीं मनांत आशा उत्पन्न होते. दोन-तीन महिन्यांनीं पशुवैद्यानें तपासून ती गाभण असल्याचें सांगितलें, कीं ती आशा पक्की होते. आणि पुढें नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब मांडून चाऱ्याची, पेंडीची व विण्याच्या जागेची तजवीज केली जाते. म्हशीच्या बाबतींत हा काळ सुमारें ३१० दिवसांचा असतो. एवढ्या दीर्घ काळांत गर्भ आईच्या पोटांत स्थिर राहतो तो कशामुळें, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस क्वचितच विचारतों. गर्भ टिकला, तर तें साहजिक वाटतें. जनावर गाभडलें, तर दैवास बोल लाविला जातो.

वस्तुतः गर्भ टिकणें ही कांहीं आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. आईच्या शरीरांतील एक पदार्थ गर्भाशयास शांत राहण्याची आज्ञा अहोरात्र देत असतो. त्या पदार्थाचें नांव प्रोजेस्टेरॉन. ही आज्ञा बंद पडली, अथवा ती गर्भाशयापर्यंत पोंचूं दिली नाहीं, तर गर्भ टिकत नाहीं. ही आज्ञा मधल्यामध्यें अडविणारीं औषधें १९८० नंतरच्या काळांत तयार झालीं असून उंदीर, गिनिपिग, कुत्री, शेळी, गाय अशा नाना प्राण्यांवर त्यांचे प्रयोग झाले आहेत. हीं औषधें आपल्या गोठ्यांत वापरण्यासाठीं नाहींत, हें आरंभींच सांगितलेलें बरें. परंतु त्या प्रयोगांपासून मिळालेलें ज्ञान, ज्याच्या दावणीला एक जरी गाभण जनावर आहे, त्या प्रत्येकाच्या उपयोगाचें आहे. कारण माज आणण्यासाठीं हल्लीं गांवोगांव जीं इंजेक्शनें दिलीं जातात, त्यांपैकीं कांहीं ह्याच आधारास हात घालतात.

पीतपिंडाचा शोध

मादीच्या अंडाशयांतील पक्व झालेला फोड फुटून बीज बाहेर पडलें, म्हणजे त्या फोडाच्या जागीं एक लहानसा पिंड तयार होतो. गाईंत त्याचा रंग पिवळा असतो, म्हणून त्यास पीतपिंड असें म्हणतात. हॉलंडमधील रेनिये द ग्राफ ह्या वैद्यानें १६७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सशांच्या अंडाशयांतील ह्या पिंडांचें वर्णन केलें असून, पिंडांची संख्या व पोटांतील पिलांची संख्या ह्यांचा मेळ बसतो, असेंही त्याच्या ध्यानांत आलें होतें. परंतु हे पिंड करतात काय, हें पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ कोणास कळलें नाहीं.

ब्रेस्लाऊ (हल्लींचें पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील गुस्टाव्ह बोर्न ह्या शास्त्रज्ञानें अशी कल्पना मांडली कीं, पीतपिंड ही एक ग्रंथि असून गर्भाशयांत गर्भ रुजविण्याचें काम तिच्याकडे असावें. बोर्न लवकरच मरण पावला. परंतु त्याच शहरांतील लुडविग फ्रेंकेल ह्यानें ती कल्पना पारखून पाहण्याचें काम अंगावर घेतलें. गाभण सशिणींचे पीतपिंड त्यानें डागून नष्ट केले. तेव्हां त्यांचे गर्भ टिकले नाहींत. हा निष्कर्ष १९०३ सालीं प्रसिद्ध झाला.

एखादी वस्तु काढून घेतल्यानें काम बंद पडलें, एवढ्यानें पुरावा पुरा होत नाहीं. ती परत दिल्यानें काम सुरू झालें पाहिजे. ती दुसरी बाजू अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें जॉर्ज कॉर्नर व विलर्ड ॲलन ह्यांनीं १९२९ सालीं सिद्ध केली. सशिणींचा संयोग झाल्यावर थोड्याच वेळांत त्यांचीं अंडाशयें काढून टाकून, त्यांना डुकरिणींच्या पीतपिंडांचा अर्क टोंचण्यांत आला. आणि अंडाशयें नसतांनाही गर्भ जगले. पुढें १९३४ सालीं निरनिराळ्या चार प्रयोगशाळांनीं ह्या अर्कांतील शुद्ध पदार्थ वेगळा केला. त्यांपैकीं ब्युटेनांट ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास सुमारें ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांपासून अवघे २० मिलिग्रॅम द्रव्य मिळालें, असें सांगतात. गर्भ धारण करण्यास अनुकूल तें प्रोजेस्टेरॉन, अशा अर्थानें त्याचें नांव ठेवण्यांत आलें.

हा पदार्थ करतो काय?

प्रोजेस्टेरॉनचीं कामें मुख्यतः चार सांगतां येतील. पहिलें, तें गर्भाशयाचें आंतील अस्तर मऊ व रसयुक्त करतें. गर्भ चिकटण्यापूर्वींचे कांहीं दिवस ह्याच रसावर जगतो. पेरणीपूर्वीं जमिनीस वाफसा यावा लागतो, तसाच हा प्रकार होय. दुसरें, गर्भाशयाचे स्नायु तें शांत ठेवतें, म्हणजे अवेळीं कळा येऊं देत नाहीं. तिसरें, गर्भाशयाचें तोंड मिटलेलें राहून तेथें घट्ट चिकट पदार्थाचें बूच बसतें, त्यायोगें बाहेरील रोगजंतूंस आंत वाट मिळत नाहीं. चौथें, नवीन बीज पक्व होऊन सुटण्यास तें मज्जाव करतें, म्हणूनच गाभण जनावर सहसा माजावर येत नाहीं.

गाईस गर्भ राहिला नाहीं, तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नांवाचें द्रव्य सोडून पीतपिंड विरघळवून टाकतें. प्रोजेस्टेरॉन उतरतें आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास माज पुन्हां येतो. गर्भ राहिला असेल, तर तो कोंवळा गर्भ त्याच सुमारास एक विशिष्ट प्रथिन सोडून ‘मी येथें आहें’ असा निरोप आईस पोंचवितो, आणि पीतपिंड वांचतो. सारांश, गाईच्या पोटांत दर महिन्यास एक निवाडा होत असतो, आणि त्या निवाड्याचा कागद प्रोजेस्टेरॉनच्या शाईनें लिहिलेला असतो.

खोटी किल्ली

शरीरांतील पदार्थ काम कसें करतो, हें समजण्यास कुलूप-किल्लीची उपमा पुरेशी आहे. प्रोजेस्टेरॉन ही किल्ली होय. गर्भाशयाच्या पेशींत तिच्या मापाचीं कुलपें असतात. किल्ली बसून फिरली, म्हणजे पेशी आज्ञेप्रमाणें वागूं लागते. आतां ह्या व्यवस्थेंत विघ्न दोन रीतींनीं आणतां येतें. एक रीत म्हणजे किल्ल्या घडविणारा लोहारच हांकलून द्यावयाचा, म्हणजे पीतपिंड नष्ट करावयाचा. प्रोस्टाग्लँडिनचें इंजेक्शन हेंच करतें. दुसरी रीत म्हणजे कुलपांत अशी खोटी किल्ली घालून ठेवावयाची, कीं जी आंत बसते परंतु फिरत नाहीं. मग खऱ्या किल्ल्या कितीही असल्या, तरी त्यांचा उपयोग होत नाहीं. प्रोजेस्टेरॉनला अडविणारीं औषधें हीं अशा खोट्या किल्ल्या होत.

फ्रान्समधील रूसेल-उक्लाफ ह्या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं १९८० सालीं असें पहिलें प्रभावी औषध तयार केलें. कंपनीच्या नोंदवहींतील क्रमांकावरून तें आर यू ४८६ ह्या नांवानें जगास माहीत झालें. त्याचें औषधी नांव मिफेप्रिस्टोन. ह्याच कुळांतील अग्लेप्रिस्टोन नांवाचें दुसरें औषध पुढें खास पशुवैद्यकासाठीं तयार करण्यांत आलें.

प्रयोगशाळेंतील उंदरांवर ह्या औषधांचा परिणाम गर्भावस्थेच्या कोणत्या काळांत तीं दिलीं, ह्यावर अवलंबून असल्याचें आढळलें. संयोगानंतर लगेच दिलीं, तर अस्तर तयार न झाल्यामुळें गर्भ रुजतच नाहीं. गर्भ रुजल्यावर दिलीं, तर तो जागचा सुटून नाश पावतो. शेवटच्या दिवसांत दिलीं, तर कळा सुरू होऊन पिलें अकालीं जन्मतात. लहान पांढऱ्या उंदरीस पंधराव्या दिवशीं औषध टोंचलें, कीं साधारण एका दिवसांत ती विते, वास्तविक तिची मुदत एकोणीस-वीस दिवसांची असते. ह्या निश्चितपणामुळें, अकालीं प्रसूति कां होते, ह्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही हीच रीत वापरतात. पुढें १९९५ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं प्रोजेस्टेरॉनचें कुलूपच ज्यांत नाहीं, असे उंदीर निर्माण केले. त्यांतील माद्या वांझ निघाल्या. त्यांचें बीजही सुटत नव्हतें आणि गर्भाशयाची तयारीही होत नव्हती. औषधानें दाखविलेली गोष्ट अशा रीतीनें दुसऱ्या वाटेनें पक्की झाली.

कुत्रीवरील अनुभव

पाळीव प्राण्यांपैकीं ह्या औषधांचा सर्वांत अधिक अनुभव कुत्रीचा आहे, आणि त्यास कारणही आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा. ह्या सबंध काळांत प्रोजेस्टेरॉन पुरविण्याचें काम एकटे पीतपिंड करतात, वारेकडून त्यांस मदत मिळत नाहीं. म्हणून आज्ञा अडविली, कीं गर्भास दुसरा आधार उरत नाहीं.

युरोपांत नको असलेला गर्भ काढण्यासाठीं कुत्रीस अग्लेप्रिस्टोन देण्याची जी ठरलेली रीत आहे, ती अशी: दर किलो वजनास १० मिलिग्रॅम ह्या मानानें त्वचेखालीं एक इंजेक्शन, व २४ तासांनीं तसेंच दुसरें. संयोगानंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंत तें देतां येतें. आरंभींच्या तीन आठवड्यांत दिल्यास गर्भ रुजत नाहीं अगर आंतल्याआंत जिरतो व बाहेर फारसें चिन्ह दिसत नाहीं. पुढें दिल्यास साधारण आठवड्याभरांत गर्भ बाहेर पडतो. उशिरा दिलेल्या कांहीं थोड्या कुत्र्यांत औषध निष्फळ ठरतें, म्हणून दहा दिवसांनीं पुन्हां तपासणी करावी, असा दंडक आहे.

ह्या अनुभवांत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. औषध दिलेल्या कुत्रीचें रक्त गर्भ पडण्याच्या वेळीं तपासलें, तर त्यांत प्रोजेस्टेरॉन भरपूर असल्याचें आढळतें. म्हणजे किल्ल्या विपुल आहेत, परंतु कुलपें अडलेलीं आहेत. विहिरींत पाणी आहे, पाट मात्र बुजलेला. मग पिकानें वाळावें नाहीं तर काय करावें? रक्तांतील द्रव्याचें प्रमाण हेंच सर्वस्व नसून तें द्रव्य पेशीपर्यंत पोंचून लागू पडलें पाहिजे, हा धडा ह्या प्रयोगानें जितका स्वच्छ शिकविला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणी शिकविला असेल.

मांजरीच्या कुलपांत हीच खोटी किल्ली अधिक घट्ट बसते. अग्लेप्रिस्टोनची पकड प्रोजेस्टेरॉनच्या मानानें कुत्रींत सुमारें तिप्पट, तर मांजरींत सुमारें नऊपट आहे. कुलूप एका जातीचें असलें, तरी प्रत्येक घरचें माप किंचित् निराळें असतें, असा ह्याचा अर्थ.

कोंबडी, हॅमस्टर आणि गिनिपिग

हें मापाचें निराळेपण किती टोंकास जाऊं शकतें, तें कोंबडी व हॅमस्टर नांवाचा उंदरासारखा प्राणी ह्यांनीं दाखविलें. ह्या दोघांच्याही शरीरांत प्रोजेस्टेरॉन आहे, त्याचीं कुलपेंही आहेत. परंतु मिफेप्रिस्टोन त्यांत मुळीं बसतच नाहीं. शोधाअंतीं १९९२ सालीं असें कळून आलें कीं, कुलूप ज्या शेंकडों घटकांच्या सांखळीनें बनलेलें असतें, त्यांतील केवळ एक घटक ह्या दोन प्राण्यांत वेगळा आहे. मनुष्यांत त्या ठिकाणीं ग्लायसीन आहे, तर कोंबडींत व हॅमस्टरमध्यें सिस्टीन. प्रयोगशाळेंत कोंबडीच्या कुलपांतील तेवढा एक घटक बदलून ग्लायसीन घातल्याबरोबर औषध बसूं लागलें. आणि मनुष्याच्या कुलपांत उलट बदल केल्याबरोबर तें बसेनासें झालें. शेंकडों दाण्यांच्या माळेंतील एक दाणा बदलला, आणि प्रबळ औषध निरुपयोगी झालें!

गिनिपिगनें निराळाच धडा दिला. ह्या प्राण्याचा गर्भकाळ सुमारें ६८ दिवसांचा असून, आरंभींचे कांहीं आठवडे गेल्यावर प्रोजेस्टेरॉन पुरविण्याचें काम वार आपल्याकडे घेते. उंदरिणीप्रमाणें एका इंजेक्शनानें तो बिनचूक गाभडत नाहीं. परंतु बर्लिन येथील शास्त्रज्ञांस असें आढळलें कीं, अडविणारें औषध अगोदर दिलें, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिनला फार हळवें होतें. एरव्हीं ज्या अल्प मात्रेनें कांहींच घडलें नसतें, तेवढ्या मात्रेनें कळा सुरू होतात. पहारेकरी झोंपविल्यावर दार ढकलण्यास फारसा जोर लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. मनुष्यवैद्यकांत हीं दोन औषधें एकापाठोपाठ देण्याची जी रीत रूढ झाली, तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. तो विषय सर्वस्वीं डॉक्टरांचा व कायद्याचा असल्यामुळें त्यांत आम्ही शिरत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, उंदरिणीस औषधापाठोपाठ प्रोजेस्टेरॉन दिल्यानें कांहीं गर्भ वांचले, म्हणून स्त्रियांतही तसेंच होईल, असें धरून चालणें हें शास्त्र नव्हे. मनुष्यांत तशी खात्रीशीर सिद्धता झालेली नाहीं.

आधार कोणाच्या हातीं?

आतां आपल्या गोठ्याकडे वळूं. वरील सर्व प्रयोगांचा निष्कर्ष एका वाक्यांत सांगावयाचा, तर असा: प्रोजेस्टेरॉनचा आधार प्रत्येक सस्तन मादीस लागतो, परंतु तो आधार कोणत्या महिन्यांत कोणाच्या हातीं असतो, हें जातीजातींत निराळें असतें.

शेळी व मेंढी एकाच माळावर चरतात, एकाच वाड्यांत बसतात, आणि दोघींचाही गर्भकाळ सुमारें पांच महिन्यांचा. तथापि ह्या बाबतींत त्यांच्यांत मोठा भेद आहे. मेंढीचा गर्भ सुमारें पन्नास-पंचावन्न दिवसांचा झाला, म्हणजे तिची वार पुरेसें प्रोजेस्टेरॉन करूं लागते. त्यानंतर पीतपिंड गेला, तरी गर्भ तगतो. शेळीची वार मात्र हें काम शेवटपर्यंत अंगावर घेत नाहीं. पांचही महिने शेळीचा गर्भ पीतपिंडाच्या आधारें लोंबत असतो. पीतपिंड गेला, कीं कोणत्याही महिन्यांत शेळी गाभडते. कॅनरी बेटांतील माहोरेरा जातीच्या शेळ्यांना दिवस भरत आल्यावर अग्लेप्रिस्टोन देऊन पाहण्यांत आलें, तेव्हां त्या लवकर व्याल्या, हें त्यास धरूनच आहे. डुकरीण ११४ दिवसांच्या सबंध काळांत शेळीप्रमाणेंच पीतपिंडावर अवलंबून असते. घोडींत आधार हळूहळू अंडाशयांकडून वारेकडे जातो.

गाय ह्या दोन टोंकांच्या मध्यें आहे. पहिले सुमारें पांच महिने गर्भाचा सारा भार पीतपिंडावर असतो. ह्या काळांत पीतपिंड विरघळविणारें प्रोस्टाग्लँडिनचें इंजेक्शन दिलें, तर गर्भ बहुधा जातोच. पुढें वार कांहीं भार उचलूं लागते व त्या इंजेक्शनाचा परिणाम अनिश्चित होतो. अगदीं शेवटीं पुन्हां तो आधार सैल पडतो. म्हशीस गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तेंच इंजेक्शन दिलें, तर गाईप्रमाणेंच तिचाही गर्भ जातो.

विण्यास आलेली गाय

दिवस भरत आलेल्या गाईंवरही हीं औषधें देऊन पाहण्यांत आलीं आहेत. अमेरिकेंतील आयोवा येथें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कालवडींस मिफेप्रिस्टोन दिलें असतां, औषध न दिलेल्या कालवडींपेक्षां त्या लवकर व्याल्या. जर्मनींत अग्लेप्रिस्टोन देऊन केलेल्या प्रयोगांतही विणें लवकर सुरू झालें. परंतु जार वेळेवर पडला नाहीं, आणि वासरूं बाहेर येण्याचा मार्गही पुरता सैल झाला नव्हता.

असें कां व्हावें, ह्याचें उत्तर न्यू झीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत सांपडतें. विण्याची वेळ आई ठरवीत नसून पोटांतील पिलूं ठरवितें, असें त्यांनीं दाखवून दिलें. पिलाच्या शरीराची वाढ पुरी होत आली, म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांजवळील ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य अधिक प्रमाणांत सोडतात. त्यायोगें वारेच्या कामांत पालट होतो, प्रोजेस्टेरॉन उतरतें, कळांस पोषक द्रव्यें वाढतात, मार्ग सैल होतो व वारेचे धागे सुटूं लागतात. हीं सर्व कामें कांहीं दिवसांत एकापाठोपाठ घडतात. औषधानें त्यांतील एकच काम, म्हणजे प्रोजेस्टेरॉनची आज्ञा थांबविणें, एकदम उरकलें. कळा आल्या खऱ्या. परंतु बाकीची तयारी झाली नव्हती. फळ पिकलें, कीं देंठ आपोआप सुटतो; कच्चें ओढलें, तर देंठाबरोबर सालही निघते. अडकलेला जार, त्यापाठोपाठ गर्भाशयाचा दाह, घटलेलें दूध व लांबलेलें पुढील वेत, हें सर्व ह्या घाईचें मोल होय.

गोठ्यासाठीं बोध

ह्या सर्व विवेचनावरून शेतकऱ्यानें गांठीं बांधण्याजोग्या गोष्टी पुढीलप्रमाणें आहेत.

पहिली व सर्वांत महत्त्वाची: गाभण नसल्याची खात्री केल्याखेरीज कोणत्याही गाईस, म्हशीस वा शेळीस माजासाठीं प्रोस्टाग्लँडिनचें इंजेक्शन देऊं नये. म्हैस मुका माज दाखविते, आणि चरावयास सोडलेली गाय मोकाट वळूनें केव्हां फळविली, हें मालकास ठाऊक नसतें. महिना-दोन महिने माज दिसला नाहीं, म्हणून ती भाकड राहिली असें समजून इंजेक्शन मागितलें जातें, आणि जें वासरूं आंत वाढत असतें, त्याचाच आधार तोडला जातो. असा गर्भ कोंवळा असल्यास पुष्कळदां तो पडलेला दिसतही नाहीं. जनावर माजावर आलें, म्हणून मालक उलट समाधान मानतो! एक वर्षाचें दूध व एक वासरूं गमावल्याचा हिशेब त्याच्या वहींत कधींच येत नाहीं. उलट पक्षीं, गाभण गाईंपैकीं कांहीं थोड्या माजासारखीं लक्षणें दाखवितात, हेंही विसरूं नये. म्हणून रेतनाची तारीख लिहून ठेवणें व दोन-तीन महिन्यांनीं पशुवैद्याकडून तपासून घेणें, ह्यासारखें स्वस्त औषध नाहीं.

दुसरी: शेळीच्या बाबतींत ‘आतां दिवस पुष्कळ झाले, आतां कांहीं होत नाहीं’ असा विचार करूं नये. मेंढीचा अनुभव शेळीस लागू पडत नाहीं.

तिसरी: गाभण जनावर दुसऱ्या कोणत्याही रोगासाठीं दाखविलें, तरी तें किती महिन्यांचें गाभण आहे, हें पशुवैद्यास न विचारतां सांगावें. दाह कमी करण्यासाठीं दिलीं जाणारीं कांहीं औषधें कॉर्टिसॉलच्याच जातीचीं असून, शेवटच्या महिन्यांत तीं दिल्यास गाय अकालीं विऊं शकते. पिलूं जो संदेश स्वतः देणार, तोच बाहेरून दिल्यासारखें होतें.

चौथी: गाभडलेल्या प्रत्येक गाईस प्रोजेस्टेरॉनचीच उणीव असते, असें समजूं नये. शेवटच्या तीन महिन्यांत गाय गाभडली, तर सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेला जंतूंची, शंका प्रथम घ्यावी. तेथें प्रोजेस्टेरॉन टोंचणें व्यर्थ होय. पडलेला गर्भ व जार उघड्या हातानें उचलूं नये, खोल पुरावा, आणि रक्त तपासून घ्यावें. हा रोग मनुष्यासही होतो. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस देतां येते.

पांचवी: प्रोस्टाग्लँडिन त्वचेंतून अंगांत भिनतें. घरांतील गरोदर स्त्रियांनीं व दम्याच्या रोग्यांनीं त्याची बाटली अगर सुई हाताळूं नये. गोठ्यांतील कामें बहुधा घरच्या स्त्रियाच करतात, म्हणून ही सूचना विशेष अगत्याची आहे.

सहावी: सोयीच्या दिवशीं गाय विवविण्याचा आग्रह पशुवैद्याजवळ धरूं नये. आईच्या अगर वासराच्या जिवावर बेतलें असेल, तर तो निर्णय पशुवैद्य घेईल. परंतु बाजाराचा दिवस किंवा घरचें लग्नकार्य हें त्यास कारण होऊं शकत नाहीं.

प्रोजेस्टेरॉनचा उपयोग केवळ धोका सांगण्यापुरता नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. माजावर न येणाऱ्या गाई-म्हशींच्या योनिमार्गांत प्रोजेस्टेरॉन असलेलें साधन सुमारें एक आठवडा ठेवून काढून घेतात, त्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन देतात, आणि दोन-तीन दिवसांत पुष्कळ जनावरें माजावर येतात. आज्ञा कांहीं काळ द्यावयाची आणि मग एकदम काढून घ्यावयाची, हीच त्यांतील युक्ति. तसेंच दूध तपासून त्यांतील प्रोजेस्टेरॉन मोजतां येतें. रेतनानंतर एकविसाव्या ते चोविसाव्या दिवशीं तें अगदीं कमी आढळलें, तर गाय गाभण नाहीं, हें जवळजवळ निश्चित समजतें.

शेतींत आपण बीज पेरतों, पाणी देतों, राखण करतों; परंतु उगवण जमिनीच्या आंत, दृष्टीआड होते. गोठ्यांतही तसेंच आहे. ज्या गोष्टी दिसत नाहींत, त्यांस चालविणारे नियम मात्र शिकतां येतात. आणि ते नियम ज्यांनीं सशिणी, उंदरिणी, कुत्री व शेळी ह्यांच्या साहाय्यानें शोधून काढले, त्यांचे श्रम आपल्या गोठ्यांत सार्थकीं लागावयाचे असतील, तर पुढच्या वेळीं माजासाठीं इंजेक्शन मागण्यापूर्वीं प्रत्येकानें एकच प्रश्न विचारावा: ‘ही गाभण तर नाहीं ना?’ ह्या प्रश्नास पशुवैद्याच्या तपासणीचीं दहा मिनिटें लागतात. न विचारल्यास एक वेत जातें.